जुन्या प्रश्नपत्रिका कोणाच्या?

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून अभ्यास करणे नीतीला धरून आहे काय, असा प्रश्न महाविद्यालयांत अधूनमधून उपस्थित होतो. तो केवळ वैयक्तिक सचोटीचा नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

प्रथम एक गल्लत दूर करू. 2024 साली 'नीट'ची प्रश्नपत्रिका फुटली, ती चोरी होती. होऊन गेलेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका हे गुपित नव्हे. सनदी लेखापालांच्या संस्थेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली हाच भेद मानला. तेव्हा दोष जुन्या प्रश्नपत्रिकेत नाही. ती मोजक्यांच्याच हाती राहण्यात आहे.

स्वायत्त महाविद्यालये आपल्या परीक्षा स्वतः घेतात. जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात नसतील, तर वसतिगृहातील वरच्या वर्गाची ओळख किंवा खासगी शिकवणीची फी हाच मार्ग उरतो. देहूतून रोज ये-जा करणाऱ्या, घरातून प्रथमच महाविद्यालयात पोचलेल्या कंत्राटी कामगाराच्या मुलीला यांपैकी काय लाभणार? परीक्षा एकच, पण तयारी घराच्या ऐपतीप्रमाणे! याला गुणवत्ता म्हणणे ही आत्मवंचना आहे.

जुन्या प्रश्नांनी घोकंपट्टी वाढते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु तेच प्रश्न आलटून पालटून विचारणारा परीक्षक त्यास अधिक जबाबदार आहे. विद्यार्थ्यानेही एवढे ओळखावे की, संभाव्य प्रश्नांपुरते वाचून मिळविलेल्या पदवीची किंमत दुसराच कोणी मोजतो. चाकणच्या पट्ट्यात प्रेसवर काम करणाऱ्याची बोटे, त्या यंत्राची सुरक्षा पाहणाऱ्या अभियंत्याला विषय खरोखर समजला आहे की नाही, यावर अवलंबून असतात.

देहूला हे निराळे सांगावयास नको. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, तरी लोकांच्या मुखी असलेले अभंग बुडाले नाहीत, अशी येथील श्रद्धा आहे. चाकणच्या संताजी जगनाडे यांनी ते अभंग लिहून ठेवले, असे परंपरा मानते. ज्ञान वाटल्यानेच टिकते.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. प्रत्येक महाविद्यालयाने जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात सर्वांना विनामूल्य खुल्या कराव्यात, असा आग्रह धरावा. आणि त्या सोडविण्यासाठी वस्तीत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवावेत. तेथे केवळ उत्तर नव्हे, तर ते उत्तर का, हेही शिकविले जावे. दुसऱ्यावाचून पहिले काम अपुरेच राहील.