दोष मराठीचा कीं लिहिणाराचा?

‘संगणकांत मराठी आणलीत कीं घोटाळा झालाच म्हणून समजा,’ असें एका सुशिक्षित गृहस्थांनीं परवां मला ऐकविलें. त्यांनीं युनिक्सच्या शेलसाठीं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची मालिका, घरच्या संगणकावर बिनचूक चाले; कचेरींतील संगणकावर मात्र विद्यार्थ्यांच्या दोन याद्या जोडतांना कांहीं नांवें गळालीं. खापर फुटलें मराठीवर! हा न्याय मला मुळींच मान्य नाहीं.

कोणत्या भाषेचे व देशाचे रिवाज पाळावयाचे, हें युनिक्सला ज्या मांडणीवरून कळतें तिला ‘लोकेल’ म्हणतात. ‘सी’ नामक मूळ लोकेलमध्यें अक्षरांचा क्रम म्हणजे निव्वळ त्यांच्या संकेतांकांचा क्रम. युनिकोडांत ‘ळ’ हा ‘व’च्या आधीं येतो; म्हणून तेथें ‘काळे’ प्रथम, ‘कावळे’ मागाहून. आपल्या वर्णमालेंत ‘ळ’ ‘ह’च्याही पुढें, म्हणून ‘कावळे’ आधीं. घरीं मराठी क्रमानें लावलेली यादी कचेरींतल्या ‘सी’ क्रमाच्या यादीशीं ‘जॉइन’नें जोडूं गेल्यास बिचारे काळे गळणारच. यांत काळ्यांचा अपराध कोणता?

आमच्या गांवाचेंच नांव घ्या. ‘हिंगणघाट’ यांत शाळेंतलें मूल ५ अक्षरें मोजील. यूटीएफ-८ जाणणारें लोकेल ८ चिन्हें मोजतें. ‘सी’ लोकेल बाइट मोजून २४ सांगतें. तिन्ही उत्तरें आपापल्या जागीं खरीं!

बरें, हें दुखणें एकट्या मराठीचें आहे काय? जर्मन लोकेलमध्यें दशांशचिन्ह स्वल्पविराम असतें. तेथें टिंब घालून लिहिलेला अपूर्णांक बॅशचें ‘प्रिंटएफ’ नाकारतें. म्हणून जर्मनांनीं जर्मन सोडावी, असें कोणी म्हणत नाहीं.

‘स्क्रिप्टच्या माथ्यावर एलसी_ऑलला सी लावा आणि मोकळे व्हा,’ हा तोडगाही मला अर्धवट वाटतो. त्यानें जोडणी साधेल. पण फलकावर लागणारी यादीही मग यंत्राच्याच क्रमानें निघेल, आणि आपलें नांव शोधणारी मुलगी तें भलत्याच जागीं पाहील. हिंगणघाटचा कापूस मुंबईस जाई त्या काळीं खंडीचें वजन सर्व पेठांत एक नव्हतें. भावाबरोबर खंडी कोठली हेंही बोलून घ्यावें लागे. तसेंच येथें: याद्या लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला व जोडणाऱ्या ‘जॉइन’ला, त्या आज्ञांपुरतेंच, ‘सी’ लावावें, शेवटची यादी मराठी लोकेल स्पष्ट सांगून लावावी. रात्रीं आपोआप चालणाऱ्या ‘क्रॉन’च्या कामांत तर हें लिहिलेंच पाहिजे, कारण आपण पडद्यावर बसून निवडलेलें लोकेल तेथें बहुधा पोंचतच नाहीं.