जुलाब आणि पाण्याची बंदी

माणदेशात पाण्याची किंमत कोणास सांगावयास नको. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून ज्यांनी उन्हाळे काढले, ते पाण्याचा थेंबही वाया दवडीत नाहीत. परंतु त्याच घरातील लेकरास जुलाब लागले, की "पाणी देऊ नका, जुलाब वाढतील" असे वडीलधारी मंडळी बजावतात, आणि तहानेने कासावीस झालेले मूल अधिकच सुकते. हा समज घातक आहे, असे आम्हांस स्पष्ट सांगणे भाग आहे.

जुलाबात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. मीठ व साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली असता आतडे ती शोषून घेते, व त्यांबरोबर पाणीही अंगी लागते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असता सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजविले आणि शेकडा ३० च्या घरातील मृत्यू चारांच्याही खाली आले.

यासच आज ओआरएस म्हणतात. त्याची पुडी आशा सेविकेकडे व उपकेंद्रात विनामूल्य मिळते. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी. पुडी नसल्यास लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. अंगावरचे दूध व अन्न बंद करू नये. वैद्यकीय सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. शौचात रक्त दिसल्यास, मूल पिईनासे वा निपचित झाल्यास मात्र क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

असे असता सलाईनच्या बाटलीवाचून औषध झालेसे वाटू नये, आणि साध्या जुलाबासही प्रतिजैविकांची पाकिटे मागावीत, हा कोणता शहाणपणा? दहिवडी-म्हसवडच्या औषधविक्रेत्यांस आमची विनंती आहे, की गिऱ्हाइकाच्या हाती प्रथम खरी पुडी द्यावी. गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. ती मनाई कागदावर न राहता दुकानाच्या फळीवरही दिसली पाहिजे.

शिंगणापूरच्या यात्रेस निघताना शिदोरीबरोबर दोन पुड्या बांधून घेणे कोणास जड आहे? दुष्काळाने तोडलेले पाणी आपल्या हाती नाही; आजारी लेकराचे पाणी तोडणे न तोडणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.