आराम हराम, पण कुणाला?

चौकशीचा कागद आमच्या टेबलावर पडला आहे. दिल्लीलगतच्या एका लोहारशाळेत आमच्या एका साथीच्या पायावर लालभडक तुकडा पडला, बूट जळाला, दोन बोटे भाजली आणि तीन ओळींत निकाल लागला : कामगाराने तुकडा नीट धरला नाही, निष्काळजीपणा, समज देण्यात यावी. शॉपचे नाव आम्ही मुद्दाम छापत नाही. साथीची ट्रेड टेस्ट तोंडावर आली आहे आणि ज्या साहेबांच्या हाती मार्क आहेत, त्यांचीच सही या कागदावर आहे.

तुकडा नीट धरला गेला नाही हे खरे आहे. पण तो धरला कशाने होता, हे चौकशीत कोणी विचारलेच नाही. त्या दिवशी काम होते २५ मिलिमीटरच्या गोल सळईचे आणि हातात होती चपट्या तोंडाची सांडशी. गोल सळई चपट्या तोंडात धरली की पकड लागते फक्त दोन बारीक रेषांवर. हॅमरमनने घण टाकला की सळई तोंडातल्या तोंडात फिरते. ती फिरू नये म्हणून लोहार मूठ आवळतो, मनगट ताठ होते, पुढचा घाव त्याच मनगटात बसतो. असे दिवसभर चालल्यावर एखादा तुकडा सुटला तर नवल ते काय? शॉपमध्ये गोल तोंडाची सांडशी होती का, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, ‘स्टोअरमधून जे येते ते वापरायचे.’

ज्यांनी आयुष्यात ऐरण पाहिली नसेल त्या टपाल खात्यातील बंधूंनी आपल्या घरातली सांडशी आठवावी. लहान पातेल्यासाठी घेतलेल्या सांडशीने मोठे टोप उतरवायला गेले की काठ निसटतो आणि दूध ओट्यावर सांडते. तिथे दूध सांडते, इथे हजार अंश तापलेले लोखंड पायावर पडते.

म्हणूनच चांगल्या लोहाराजवळ एक सांडशी कधीच नसते. चपट्या पट्टीसाठी चपटे तोंड, सळईसाठी आतून पोकळ गोलाईचे, चौकोनी बारसाठी कोपरा धरणारे, बोल्टचे डोके आत मावेल असे पुढे मिटलेले आणि मागे फुगलेले, रुंद पट्टी बाजूला सरकू नये म्हणून काठ असलेले पेटीसारखे. त्यातही जाडीचा हिशेब वेगळा. १२ मिलिमीटरला जुळवलेल्या तोंडात २० मिलिमीटरचा तुकडा घातला तर तो फक्त सांध्याजवळ टेकतो आणि पुढून डोलतो, ६ मिलिमीटरचा घातला तर फक्त टोकाला चिमटीत सापडतो. तोंडाचे दोन्ही ओठ तुकड्यावर पूर्ण लांबीने बसले तरच पकड खरी.

अशी सांडशी बाजारातून आणता येत नाही असे नाही, पण ती कामाप्रमाणे जुळवावी लागते आणि मुळात लोहार ती स्वतःच घडवतो. २० मिलिमीटरची चौकोनी माइल्ड स्टीलची सळई घ्यायची. टोक ऐरणीच्या काठावर ठोकून तोंड काढायचे, तुकडा पाव वळवून सांध्याची जागा बसवायची, उरलेला भाग ओढून लांब दांडा करायचा. दोन्ही पाती हुबेहूब सारखी करायची. नवा मुलगा हमखास एक उजवे आणि एक डावे करून बसतो आणि मग ती एकमेकांवर आडवी बसत नाहीत. रिव्हेट तापवून ठोकायचा, सांधा पुन्हा लाल करून दांडे उघडत-मिटत पाण्यात बुडवायचा, म्हणजे तो सैल चालतो. शेवटी तोंड तापवून ज्या मापाचे काम आहे तोच तुकडा आत धरून हलके ठोकायचे. दांड्यांमधले अंतर असे ठेवायचे की पंजा ताणला जाणार नाही आणि मूठही पूर्ण मिटणार नाही. दांड्यांवर सरकणारी एक लोखंडी कडी घातली की पकड कडीच धरून ठेवते, हाताला फक्त दिशा द्यायची उरते. ही कडी म्हणजे मूठभर लोखंड, पण लोहाराच्या मनगटाचे वय तीच ठरवते.

स्प्रिंगचा जुना पाटा मजबूत म्हणून त्याची सांडशी करू नये, असे जुने लोक बजावत. सांडशी तापते, तापली की लोहार ती पाण्यात बुडवतो, आणि कार्बनचे प्रमाण जास्त असलेले पोलाद अशा वेळी कडक होऊन तडकते. हे ज्ञान आमच्या वर्कशॉपमध्ये तीन-तीन पिढ्या चालत आले आहे. ते कुठल्या टेंडरच्या अटींत लिहिलेले आम्हाला दिसले नाही. टेंडरमध्ये नग आणि दर असतो. सर्वात कमी बोलीचा माल येतो, सगळ्या सांडश्या एका मापाच्या, एका तोंडाच्या येतात आणि स्टोअरच्या वहीत ‘पुरवठा पूर्ण’ असा शेरा पडतो.

मग लोहार स्वतः का करून घेत नाही? इथेच खरी मेख आहे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चित्तरंजन पद्धतीची इन्सेंटिव्ह योजना ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना सांगायला नको. प्रत्येक कामाचे जॉब कार्ड, प्रत्येक कार्डावर रेट फिक्सरने ठरवलेला अलाउड टाइम, वाचवलेल्या वेळेवर बोनस. सराव असलेल्या लोहाराला एक सांडशी घडवायला तास-दोन तास लागतात. पण आम्ही पाहिलेल्या शॉपमध्ये सांडशीला कार्डच नाही. म्हणजे जो कामगार हत्यार नीट करायला बसला, त्याचे ते दोन तास हिशेबात फुकट गेले आणि महिन्याच्या पगारात ते दिसले. जो चुकीच्या सांडशीने काम रेटतो त्याला बोनस, जो थांबून सांडशी करतो त्याला तोटा, आणि रेटताना तुकडा सुटला की ‘निष्काळजीपणा’. या साखळीतली एक तरी कडी कामगाराने बनवली आहे का?

आता ऐरणीकडे वळू. एकट्याने हातोडा चालवणाऱ्या लोहाराची ऐरण किती उंच असावी, याचे माप पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगितले जाते : सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ मिटा, बोटांची हाडे जिथे येतील तिथे ऐरणीचा माथा. त्याहून खाली असेल तर प्रत्येक घावाला कंबर वाकते. वर असेल तर खांदा उचलावा लागतो आणि हातोड्याचे वजन स्नायूंवर येते. समोर हॅमरमन घण घेऊन उभा असेल तर ऐरण थोडी खाली लागते, कारण घणाचा फेरा मोठा असतो. बारीक कामाला थोडी वर चालते. भट्टी आणि ऐरण यांच्यात एक पाऊल आणि एक वळण, इतकेच अंतर. जास्त असेल तर तुकडा वाटेतच निवतो आणि पुन्हा तापवावा लागतो. पावणेसहा फूट उंचीचा साथी आणि सव्वापाच फूट उंचीचा साथी एकाच ऐरणीवर दोन पाळ्यांत काम करतात, तेव्हा दोघांपैकी एकाची पाठ दुखणारच. ठोकळ्याखाली दोन फळ्या सरकवायची सोय केली तर हा प्रश्न मिटतो. खर्च फळ्यांचा. ही मागणी आम्ही एका बैठकीत मांडली तेव्हा समोरचे अधिकारी हसून म्हणाले, ‘अहो, कामगाराला आता आरामही हवा का?’

आराम हराम है, ही पंडित नेहरूंची घोषणा आमच्या वडिलांच्या पिढीने भिंतींवर रंगवलेली पाहिली. तिचा अर्थ आळस करू नका असा होता. कंबर मोडेपर्यंत वाका असा नव्हता. आणि रेल भवनातल्या खुर्चीची उंची खाली-वर करण्याची कळ साहेबांच्या हाताशी असते, ती कोणी हराम ठरवल्याचे ऐकिवात नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्याला मिळेल तेव्हा टेकण्यासाठी बसायची सोय करायला सांगितली होती, ३४ व्या कलमात इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये असे होते आणि ३५ व्या कलमात डोळ्यांचे रक्षण होते. कामाच्या पृष्ठभागाची उंची मात्र त्यात कुठेच नव्हती. शिवाय रेल्वेचे रनिंग शेड तर ‘फॅक्टरी’च्या व्याख्येतूनच वगळले होते. सबब शेडमधल्या लोहाराला तेही लागू नव्हते, आणि लाइनवर गँगची बीटर आणि पहारी शेवटून देणाऱ्या ब्लॅकस्मिथचा प्रश्नच नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत गडप झाला. बसण्याची सोय नव्या संहितेतही आहे. ऐरण तिथेही नाही.

कामगाराचे ऐकले नाही तरी निदान स्वतंत्र कारागिराचा सन्मान होतो, असे कोणी म्हणेल. त्यांनी दिल्लीचे रस्ते पाहावेत. इथे गाडुलिया लोहारांच्या वस्त्या फुटपाथला लागून आहेत. आपल्याकडे जसे घिसाडी, तसे हे. चितोड पडल्यावर गड परत मिळेपर्यंत घर बांधायचे नाही, अशी शपथ पूर्वजांनी घेतल्याचे ते सांगतात. एप्रिल १९५५ मध्ये नेहरूंनी स्वतः त्यांना चितोडगडावर नेले, शपथ सुटली असे जाहीर झाले. पुढे त्यांतले कित्येक दिल्लीत आले आणि अतिक्रमण म्हणून हाकलले जात राहिले. पुरुष जमिनीवर बसून सांडशीने तुकडा धरतो, समोर बाई उभी राहून घण घालते. घिसाड्यांच्या पालापुढेही आपण हेच पाहिले आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी याच दिल्लीत, द्वारकेच्या यशोभूमीत, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ व्यवसाय, त्यांत लोहार आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर, रोज ५०० रुपये भत्त्याचे प्रशिक्षण, ५ टक्क्यांनी कर्ज. देणे चांगले आहे, आम्ही नाकारत नाही. पण एका कुटुंबातून एकालाच लाभ, ही अट वाचा. त्या ऐरणीवर दोन माणसे काम करतात. सांडशीवाला विश्वकर्मा ठरला तर घणवाली कोण? आणि ज्या लोहाराला आपली सांडशी स्वतः घडवता येते, त्याला व्हाउचरवर तयार पेटी देऊन त्याची ऐरण ठेवायची जागा मात्र बुलडोझरखाली घालायची, हा कसला सन्मान?

मानेसर आणि फरिदाबादकडे तर आणखी वाईट चित्र आहे. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे अहवाल २०१९ पासून येत आहेत. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे जातात, हा त्यांचा विषय. सेन्सर लावायला खर्च येतो, चिमट्याने तुकडा सरकवला तर आकडा कमी भरतो, म्हणून तिथे हात हीच सांडशी.

आम्हाला सांगितले जाते की लोहारकाम संपले, आता सारे यंत्रावर होते, उरलेल्या चार माणसांसाठी एवढा आटापिटा कशाला. संपले असेल तर भट्टी रोज पेटते कशी? आणि चार माणसे उरली आहेत म्हणून त्यांची पाठ स्वस्त होत नाही.

टपाल खात्यातील साथींना हा प्रश्न परका वाटू नये. पोस्टात शिक्के मारण्याचे टेबल आणि आर.एम.एस.च्या सॉर्टिंग केसची सर्वात वरची व सर्वात खालची खण आठवा. खांदा आणि कंबर तीच. तिथेही उंची कोणीतरी कागदावर ठरवली, उभे राहणाऱ्याला विचारले नाही.

आमचे मागणे मोठे नाही. सांडशी घडवण्याला जॉब कार्ड आणि अलाउड टाइम मिळाला पाहिजे. सांडशीसाठी माइल्ड स्टील शॉपच्या नावाने उचलता आले पाहिजे. खरेदीच्या अटी ठरवताना भट्टीवर काम करणारा एक माणूस समितीत बसला पाहिजे. अपघाताच्या चौकशीच्या अर्जात हत्यार काय होते, कुठल्या तोंडाचे, कुठल्या मापाचे, हा रकाना हवा. आमच्या साथीवरचा शेरा मागे घेतला पाहिजे.

जिथे स्मिथी शॉप आहे त्या शाखांच्या सेक्रेटरींनी एवढे करावे. प्रत्येक ऐरणीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी, तिच्यावर काम करणाऱ्या प्रत्येक साथीची मूठ जमिनीपासून किती उंचीवर येते तेही मोजावे, आणि शॉपमध्ये कुठल्या तोंडाच्या किती सांडश्या आहेत, त्यांतल्या किती कामगारांनी स्वतःच्या वेळात केल्या, हे लिहून मराठी विभागाकडे पाठवावे. नावे लिहू नयेत. टपाल शाखांनी शिक्क्याच्या टेबलांची मापे पाठवावीत. आलेली मापे जशीच्या तशी छापू आणि तो अंक रेल भवनात नेऊन देऊ.