शलमोनाच्या देवडीतले धोंडे

डिसेंबर लागला की मंडळीत दोन सूर कानी येतात. एक म्हणतो, हनुक्का हा यहुद्यांचा सण, आपल्याला त्याचं काय? दुसरा येशूला मसीहा मानणाऱ्या यहुद्यांची, म्हणजे मेसिॲनिक, शिकवण ऐकून आलेला असतो. तो नऊ दिव्यांची हनुक्कीया दाखवून सांगतो, इतर आठ दिवे पेटवणारा 'शमाश' म्हणजे येशूच. खरे विश्वासी असाल तर हा सण पाळलाच पाहिजे. मला भांडायचं आहे दोघांशीही. पहिल्याशी थोडं, दुसऱ्याशी जास्त.

पहिला लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायावर बोट ठेवतो: सणांच्या यादीत हनुक्का कुठे आहे? नसणारच. तो सुरू झाला इ.स.पू. 164 मध्ये. चौथ्या अंतियोख राजाने यरुशलेमच्या मंदिरात झ्यूसची पूजा बसवली, सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली. यहूदा मक्काबीने मंदिर परत घेतलं, विटाळलेली वेदी पाडून नवी रचली आणि आठ दिवस उत्सव केला. हे सांगणारी मक्काबींची पुस्तकं यहुदी शास्त्रात नाहीत; कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलांत आहेत. पोथी चर्चने सांभाळायची आणि सण परका म्हणायचा, हा न्याय मला कळत नाही. शिवाय योहानाचा दहावा अध्याय आहेच: हिवाळा, पुनःप्रतिष्ठेचा सण, आणि शलमोनाच्या देवडीत फिरणारा येशू.

आता दुसरा. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, ही कथा मक्काबींच्या पुस्तकांत नाही. ती कित्येक शतकांनी तालमुदात येते. येशूचे 'जगाचा प्रकाश' हे शब्द योहानाच्या आठव्या अध्यायातले, मंडपांच्या सणाच्या प्रसंगाला लागून आलेले. ते उचलून हनुक्क्याच्या दिव्यात घालणं म्हणजे एका घरचं तेल दुसऱ्याच्या समईत ओतणं. शमाशबद्दल तर शुभवर्तमानात अवाक्षर नाही.

आणि 'पाळलाच पाहिजे' कशासाठी? कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अंतियोखाच्या छळाच्या काळात निघाले आणि अलिबागेजवळ नवगावला त्यांचं गलबत फुटलं. शब्बाथ, सुंता, शेमा ही प्रार्थना त्यांनी जपली. हनुक्का त्यांना कळला तो फार पुढे, बाहेरच्या यहुद्यांशी संबंध आल्यावर. तेल गाळणारे पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना 'शनिवार तेली' म्हटलं, त्यांनाच हा तेलाचा सण ठाऊक नव्हता! तरी त्यांचं यहुदीपण काही उणं झालं नाही. मग ख्रिस्ती माणसावर ही सक्ती कुठून आली? यहुदी शेजाऱ्याने दिवे लावताना बोलावलं तर आनंदाने जावं. त्याचे दिवे आणून आपल्या वेदीवर आपला अर्थ लावत बसू नये.

तरीही हा सण मला महत्त्वाचा वाटतो, तो दिव्यांमुळे नव्हे, धोंड्यांमुळे. अंतियोखाने आपल्या नाण्यांवर स्वतःला 'प्रकट झालेला देव' असं कोरवून घेतलं होतं. त्या राजाच्या विटाळातून मंदिर कसं सुटलं, हेच देवडीतले लोक त्या आठवड्यात आठवत होते. अशा वेळी समोरचा माणूस म्हणतो, मी आणि पिता एक आहोत. त्यांनी धोंडे उचलले. माणूस असून स्वतःला देव म्हणवतोस, हा त्यांचा आरोप. आपल्या उपदेशांत त्यांना कठोर अंतःकरणाचे म्हणून निकालात काढतात. मला तसं म्हणवत नाही. देव म्हणवणाऱ्या माणसाने काय केलं, हे त्यांच्या आज्या-पणज्यांपासून ऐकत आलेले कान होते ते.

येशूचं उत्तरही त्या सणाच्याच भाषेत आहे: पित्याने ज्याला पवित्र करून जगात पाठवलं, तो मी. वेदीच्या शुद्धीचा सण चालू असताना 'पवित्र' हा शब्द सहज पडलेला नाही. माझ्यावर विश्वास बसत नसेल तर निदान कामं पाहा, एवढंच तो पुढे म्हणतो. अंतियोखाने नाकारणाऱ्यांना मारलं. इथे मात्र नाकारणारे धरायला धावले, आणि तो त्यांच्या हातून निसटून यार्देनेपलीकडे, योहान पूर्वी बाप्तिस्मा देत असे त्या जागी, निघून गेला.