मोटिव्हेशन वेगळं, थेरपी वेगळी: पहिल्या सेशनआधी एवढं वाचा



वाशी, नेरुळ, पनवेल, वर्कशॉप कुठेही असो, एक प्रश्न सगळ्यांसमोर कधीच येत नाही. चहाच्या वेळी कुणीतरी बाजूला घेतं आणि हळूच म्हणतं, "सर, झोप लागत नाही. शटर उघडायची इच्छाच होत नाही. एखादा मोटिव्हेशनचा व्हिडिओ सुचवा ना."

माझं स्पष्ट मत आहे, हे व्हिडिओचं काम नाही. मी ट्रेनर आहे, मार्जिन आणि स्टॉक शिकवतो. दोन-दोन आठवडे नीट झोप नसेल, गिऱ्हाइकावर आणि घरच्यांवर चिडचिड होत असेल, तर तज्ज्ञाकडे जा. आणि जाताना धंदेवाल्याच्या डोक्याने जा, चौकशी करून, बजेट ठरवून.

समोरचा कोण आहे ते बघा

सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर असतो, गोळ्या तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे असते. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र छोटा कोर्स करूनही लावलेली दिसते. चांगले काउन्सेलर भरपूर आहेत, पण शिक्षण काय, अनुभव किती, हे फोनवरच विचारा. नवीन सप्लायरचा जीएसटी नंबर तपासता ना? तसंच. विचारल्यावर समोरच्याला राग आला, तर दुसरीकडे जा.

पहिल्या दिवशी काय होतं?

साधारण ४५ ते ५० मिनिटं. बहुतेक वेळ प्रश्नांतच जातो: घर, तब्येत, झोप, कर्ज, व्यसन. जीव नकोसा वाटतो का, असंही विचारतील. घाबरू नका, तो नेहमीच्या विचारपूसचा भाग आहे. खरं उत्तर द्या.

"दुकान चालू ठेवू की बंद करू?" याचं तयार उत्तर मिळणार नाही. तो निर्णय घेताना छातीत धडधड का होते, यावर तिथे काम होतं. बाहेर पडल्यावर हलकं वाटेलच असं नाही. थकल्यासारखंही वाटतं. जुनी उधारीची वही उघडली की पहिल्या दिवशी कुणाला बरं वाटतं?

सेशन ऑनलाइन असेल तर दुकानात बसून घेऊ नका. गिऱ्हाईक आलं की उठाल.

फीचा हिशोब

समजा फी १५०० रुपये आहे. आठवड्याला एक सेशन म्हणजे महिन्याला ६०००. निदान दोन महिन्यांची, १२००० रुपयांची तयारी ठेवा. सेशन रद्द करायचं तर किती तास आधी सांगायचं, फीमध्ये सवलत आहे का, हे आधीच विचारा. पैसे गल्ल्यातून उचलू नका, स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये धरा. सेल पडला की लोक हाच खर्च पहिला कापतात. मला ते पटत नाही, कारण गरज तेव्हाच जास्त असते.

चार-सहा सेशननंतर थेरपिस्टबरोबर बसून काय बदललं ते बघा. जमत नसेल तर तसं सांगा आणि बदला. न सांगता गायब होऊ नका.

"मार्केटमध्ये कळलं तर?"

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश, असे मोजके अपवाद आहेत. ते पहिल्याच दिवशी समजून घ्या.

खाजगी फी झेपत नसेल तर

सरकारची टेली मानस सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटची 'आयकॉल' फोनवर समुपदेशन करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच आहे, वाशीहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाता येतं. मनात मरणाचे विचार येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आत्ता १४४१६ लावा, घरच्या एका माणसाला सांगा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा.

या आठवड्यात एवढंच काम करा: दोन थेरपिस्टना फोन लावा आणि शिक्षण, फी, वेळ असे तीन प्रश्न विचारा. पाच मिनिटं लागतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत.