ओव्हररेटेड कोण, खेळणारा की भाव लावणारा?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली. विषय आपला इंदूरचा व्यंकटेश अय्यर. पुतण्यानं लिहिलं, "काका, इतका ओव्हररेटेड प्लेयर माळव्यानं दुसरा दिला नाही. २३ कोटी ७५ लाख आणि धावा किती? १४२!" धाकटा चिडला, भाची मध्ये पडली, आणि अमेरिकेतल्या भाच्यानं वेगळाच सूर लावला. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे बेसबॉलमध्ये लोक खेळाडूंपेक्षा जनरल मॅनेजरवर जास्त भांडतात. संघ कोणी बांधला, कोणाला किती पैसे दिले, ते आधी विचारतात."

त्याचं ते वाक्य डोक्यात बसलं, कारण हे भांडण मी देवासला आमच्या ओटल्यावर लहानपणीच ऐकलंय. फक्त तेव्हा कोटी नव्हते.

देवासच्या माणसाला वाद शिकवावा लागत नाही. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं आणि दोन महाराज! त्यामुळे प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतातच, हे आम्ही टेकडीवरच्या देवीइतकंच पक्कं मानतो. आमच्या घरात एका बाजूला काका होते. दुसऱ्या बाजूला सुट्टीत धारहून येणारे मामा. दोघांनीही इंदूरला यशवंत क्लबच्या मैदानावर होळकरांचा संघ डोळ्यांनी पाहिलेला. काका मुश्ताक अलींचे, मामा सी. के. नायडूंचे.

काका सुरू करायचे, "तुमच्या सीकेंची टेस्टची सरासरी किती? पंचवीस! सात टेस्ट, साडेतीनशे धावा. एवढ्यावर कसला कर्नल आणि कसलं काय?"

मामा पोह्यांवर शेव घालत शांतपणे म्हणायचे, "भावजी, पहिली टेस्ट खेळले तेव्हा वय किती होतं? छत्तीस. १९२६ साली मुंबईत जिमखान्यावर एमसीसीला अकरा षटकार मारून १५३ केल्या, तेव्हा आपल्याकडे टेस्ट होती का? १९३२ च्या दौऱ्यात सोळाशेच्या वर धावा काढल्या, त्या काय तुमच्या मुश्ताकनं?"

मग काका मुश्ताकांचं मँचेस्टरचं १९३६ चं शतक काढायचे. परदेशात टेस्ट शतक करणारा पहिला भारतीय, तोही आपल्या इंदूरचा. मामांचा हुकमी पत्ता ठरलेला असायचा, "आणि त्या पोराला पोरवयात हेरलं कोणी? सीकेंनीच ना?" इथे आई आतून ओरडायची, "जिलबी गार होतेय," आणि सामना अनिर्णित.

लहानपणी वाटायचं, दोघं खेळाडूंवर भांडतायत. आता कळतं की मामा सारखे तिसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवत होते. हेरलं कोणी?

होळकर संघाचा हिशोब बघा. १९४१-४२ ते १९५४-५५ असे चौदा हंगाम. त्यात दहा वेळा रणजीची फायनल आणि चार वेळा करंडक: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. मुंबई, बडोद्यासारख्या संघांसमोर एका संस्थानानं हे केलं. लोक म्हणतात राजाकडे पैसा होता. होताच. पण पैसा बाकी राजांकडेही होता, आणि त्यांच्यातल्या काहींनी तो स्वतःलाच कप्तान करण्यात घालवला. होळकरांनी नागपूरच्या नायडूंना १९२३ साली इंदूरला बोलावून फौजेत हुद्दा दिला. पोटाची चिंता मिटवली आणि मैदानावरचं राज्य त्यांच्या हाती सोडलं. सागरचे चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड इथे येऊन होळकरांचे झाले.

आणि डेनिस कॉम्प्टन! लढाईच्या दिवसांत तो इंग्रजी फौजेबरोबर आपल्या महूला होता. होळकरांनी त्याला १९४५ च्या फायनलमध्ये मुंबईविरुद्ध उतरवलं. त्यानं नाबाद २४९ केल्या, मुश्ताकनं दोन्ही डावांत शतक ठोकलं, तरी आपण ३७४ धावांनी हरलो. चार डाव मिळून २०७८ धावा. मामा म्हणायचे, हरलो त्याचं दुःख नाही, पण महूच्या छावणीत असं रत्न आहे हे ज्याला कळलं तो खरा पारखी.

सरवट्यांचं उदाहरण तर शिकवण्यासारखं. नऊ टेस्ट, सरासरी १३, विकेट फक्त तीन. आजच्या पोरांनी क्षणात 'ओव्हररेटेड' म्हणून निकाल लावला असता. पण १९४६ ला ओव्हलवर सरे संघाविरुद्ध शेवटच्या विकेटला शूट बॅनर्जींबरोबर २४९ जोडल्या, दोघांचीही शतकं. आणि होळकरांसाठी वर्षानुवर्षं बॅट-बॉल दोन्ही ओढलं. टेस्टच्या तराजूत हलका पडलेला माणूस इथे संघाचा खांब होता. भाऊसाहेब निंबाळकरांचं उलटं. १९४८ साली पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या, आणि समोरच्या संघानं पुढे खेळायलाच नकार दिला. होळकरांकडूनही ते खेळले. अधिकृत टेस्ट मात्र आयुष्यात एकही नाही. आता सांगा, चूक खेळाडूंची की वजन करणाऱ्यांची?

माझं मत स्पष्ट सांगतो. ओव्हररेटेड हा शिक्का खेळाडूच्या कपाळावर मारूच नये. कोणी स्वतःहून आपला भाव २३ कोटी लावत नाही. समोर दोन संघ हट्टाला पेटतात, हात वर-वर जातात, आणि पोरगं टीव्हीसमोर बसून बघतं. मग सात डावांत बॅट चालली नाही की शिव्या पोराला. याच व्यंकटेशनं २०२४ च्या आयपीएल फायनलमध्ये नाबाद अर्धशतक केलं होतं. पुढच्या लिलावात तो ७ कोटींना गेला. एका वर्षात माणूस एवढा बदलतो का? बदलला तो फक्त आकडा.

आता दुसरा इंदूरचाच, रजत पाटीदार. २०२२ च्या मोठ्या लिलावात त्याला कोणी घेतलंच नाही. नंतर जखमी खेळाडूच्या जागी वीस लाखांत बंगळुरूनं बोलावलं. त्यानं एलिमिनेटरमध्ये नाबाद ११२ ठोकल्या. महिन्याभरात रणजी फायनलमध्ये मुंबईविरुद्ध १२२. आणि २०२५ ला कप्तान म्हणून बंगळुरूला पहिली आयपीएल जिंकून दिली. लिलावाच्या दिवशी दहाच्या दहा टेबलांवरच्या हुशार लोकांना हा दिसला नव्हता.

भाचा सांगतो ती ऑकलंडच्या बिली बीनची गोष्ट अशीच. २००२ साली न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघाच्या साधारण एकतृतीयांश पगारात, इतरांनी नाकारलेली माणसं घेऊन त्यानं १०३ सामने जिंकले, त्यातले २० सलग.

आपला बिली बीन कोण विचाराल तर मी चंद्रकांत पंडितांचं नाव घेईन. १९९९ ला ते मध्य प्रदेशचे कप्तान होते, बंगळुरूला फायनलमध्ये पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटककडून हरले. २३ वर्षांनी, २६ जून २०२२ ला त्याच मैदानावर कोच म्हणून त्याच मध्य प्रदेशला पहिली रणजी मिळवून दिली. समोर मुंबई, म्हणजे त्यांचंच घर. त्याआधी विदर्भाला लागोपाठ दोनदा. मोठ्या नावांचा भरणा दोन्हीकडे नव्हता. पुतण्या म्हणतो, "मग ते कोच असतानाच कोलकात्यानं २३ कोटी मोजले, त्याचं काय?" मुद्दा बरोबर आहे. तिथे निर्णय एकट्याचा नसतो, आणि चांगल्या पारख्यालाही मोठ्या बाजारात गोंधळायला होतं. पारख ही एकदा मिळवून कपाटात ठेवायची वस्तू नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

ऐंशीच्या दशकात एका वयोगटाच्या संघनिवडीला आम्ही तिघे बसलो होतो. एक डावखुरा फिरकीवाला होता, कॅनव्हासच्या फाटक्या बुटात. दोन दिवस त्यानं एका बाजूनं गोलंदाजी टाकली. विकेट दोनच, कारण स्लिपमध्ये चार कॅच सुटले. स्कोअरबुक माझ्याच हातात होतं, सुटलेल्या कॅचवर मी बारीक फुल्या मारल्या होत्या. दुसऱ्या मुलाचं नाव पेपरात आलेलं, किट इंदूरचं. बाकी दोघं म्हणाले, "नाव आहे त्याचं, घेऊन टाकू." फुल्या दाखवायला मला अर्धा मिनिट लागला असता. मी वही मिटली.

त्या फिरकीवाल्याचं आज स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. मला बघून उठतो, 'सर' म्हणतो. काही वर्षांपूर्वी गाडीची क्लच वायर घ्यायला गेलो तेव्हा सहज विचारलं त्यानं, "सर, तेव्हा मी कुठे कमी पडलो होतो का?" मी म्हणालो, "नाही रे, स्पर्धाच फार होती." वायरचे पैसे घेतले नाहीत त्यानं.

दुसरा मुलगाही पुढे कुठे पोचला नाही. तीन सामन्यांत अपयशी ठरला आणि सगळ्या गावानं त्याला "नुसता गाजावाजा" म्हटलं. त्याचा तरी काय दोष? त्याला नको तेवढा मोठा आम्ही केला होता, आणि खाली पडल्यावर शिव्या त्याच्या वाट्याला आल्या. एका सहीनं दोन पोरांचं नुकसान.

म्हणून सांगतो, व्यंकटेशला ओव्हररेटेड म्हणणाऱ्या पोरांनो, पुढच्या वेळी त्या टेबलावर बसलेल्यांची नावं आधी विचारा. उद्या दुकानात जाऊन खरं काय ते सांगायचं ठरवलंय. वही अजून माळ्यावर आहे.

तुमच्या घरी सीके की मुश्ताक? धारवाले, देवासवाले, इंदूरवाले, सगळ्यांनी लिहा. भांडण झालं तरी चालेल, जिलबी गार होऊ देऊ नका.