निर्जन म्हणे!

‘निर्जन अरण्यात चार रात्री तंबूत मुक्काम, शिवाय अस्सल आदिवासी संस्कृतीचा अनुभव!’ ऑस्ट्रेलियाच्या सहलीचे हे गुळगुळीत पत्रक माझ्या हाती पडले. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. ‘वाक्यातील विसंगती दाखवा’ असा प्रश्न चौथीच्या पोरांना घालायचा तर याहून सोयीचे वाक्य मिळायचे नाही. अरण्य निर्जन, तर आदिवासी कोठून आले? आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदत असतील, तर ते जन नव्हेत काय?

वाचक म्हणतील, मास्तर, सणासुदीला एका विशेषणावरून एवढे काय भांडता? भांडतो, कारण या एका कल्पनेने अख्ख्या खंडाची मालकी फिरवली. १७८८ साली इंग्रजांनी तेथे वसाहत घातली, ती हा मुलूख कोणाच्याच मालकीचा नाही असे धरून. मरे बेटावरचे एडी माबो आणि त्यांचे सोबती त्याविरुद्ध न्यायालयात झगडले. हे गृहीतच खोटे, असा निकाल तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला ३ जून १९९२ रोजी. माबो बिचारे त्याच जानेवारीत वारले होते. दोनशे चार वर्षांनी जे खोटे ठरले, तेच हा पत्रकवाला रंगीत छापतो, आणि आपण आगाऊ पैसे भरतो!

ही सहल मी केली आहे. भाचा मेलबर्नला असतो, त्याच्या आग्रहाने गेलो. ॲलिस स्प्रिंग्जहून मोटारीने साडेचारशे किलोमीटर गेले की तांबड्या वाळूत उलुरूचा खडक दिसतो; उंची ३४८ मीटर. रात्री शेकोटी, निखाऱ्यात भाजलेला जाड रोट, डोक्यावर नुसते तारे. झकास! (थंडी मात्र पत्रकात नव्हती.)

परंतु मंडळी ज्याला रान रान म्हणत होती ते राखलेले शिवार होते. तेथले अणंगू लोक काटेरी गवताला ठराविक दिवसांत, तुकड्यातुकड्याने आग लावीत. जळल्या जागी कोवळे फुटे, तेथे जनावरे चरायला येत. न जळल्या जागी ती दडत. आणि सलग गवत न राहिल्याने मोठा वणवा पसरत नसे. माणसे हुसकली गेली, रीत मोडली, आणि १९७६ साली वणव्याने तेथल्या राष्ट्रीय उद्यानाचा फार मोठा भाग खाल्ला. मग साहेबलोक जुन्या म्हाताऱ्यांपाशी आग लावायला शिकू लागले. याला निर्जन म्हणायचे?

आता तो ‘अनुभव’. मुटिजुलूच्या डोहापाशी एक अणंगू बाई आम्हांला कुनिया अजगरिणीची गोष्ट सांगत होत्या. लिरू सर्पांनी तिच्या भाच्याला मारले, म्हणून ती चवताळून लढली. तिच्या घावांच्या चिरा कड्यावर आजही दिसतात. आमच्यातल्या एका गृहस्थांनी विचारले, “पुढे काय?” दुभाष्याकरवी उत्तर आले : पाहुण्यांना आम्ही मुलांना सांगतो तेवढेच सांगतो, पुढचे वयाने आणि अधिकाराने मिळते. गृहस्थ मराठीत पुटपुटले, “अहो, पैसे भरलेत आपण!”

पैसे! पहिलीतल्या पोराच्या बापाने फी भरली म्हणून त्याला मॅट्रिकचा पेपर द्यायचा काय? हेच गृहस्थ आपल्या गावी गाभाऱ्याबाहेर ‘फोटो काढू नये’ ही पाटी वाचून मुकाट्याने कॅमेरा पिशवीत टाकतात. उलुरूच्या काही बाजूंचेही फोटो काढू नयेत अशा पाट्या तेथे आहेत. तेथे मात्र यांना त्या पाट्या जाचतात.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने उलुरूची जमीन अणंगूंना परत दिली, आणि त्याच दिवशी ९९ वर्षांच्या पट्ट्याने परत घेतली. खडकावर चढू नका, अशी मालकांची विनवणी वर्षानुवर्षे चालू होती. चढणे बंद झाले ते २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे नेमक्या चौतीस वर्षांनी. बंदी जवळ येताच तर चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या! आपल्या देवळाच्या कळसावर कोणी पाय रोवून उभा राहिला असता, तर गावाने काय केले असते ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही.

कोणी म्हणेल, पर्यटकांच्या पैशावरच त्यांची चूल पेटते ना? पेटू द्या की! पैसे अवश्य द्यावेत. पण ते त्या बाईंच्या दोन तासांचे आणि पायपिटीचे मोल. गोष्ट विकत मिळत नाही, आणि बाईंचे मौन तर मुळीच नाही.

तेव्हा यंदा सहल ठरवणाऱ्यांनी कंपनीला एवढे विचारावे : जमीन कोणाची? वाट दाखवणारा त्यांच्यातलाच आहे काय? आमच्या पैशातले किती त्यांच्या हातात पडतात? उत्तर लेखी मागावे, आणि ते येईतो पाकीट उघडू नये.